स्वच्छ नकाशा

एप्रिल अर्धा सरला की कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून मला फोन येतो. "मॅडम, फायनल जूरी आहे, याल का?" कधी येलहंकाच्या पुढचं कॉलेज असतं, कधी व्हाइटफील्डच्या पलीकडचं. मी हो म्हणते. आर्किटेक्चरच्या मुलांची खरी परीक्षा म्हणजे ही जूरी. आपले नकाशे भिंतीवर लावायचे, शेजारी उभं राहायचं, आणि बाहेरून आलेल्या तीन-चार जणांच्या खोचक प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्या बाहेरच्यांपैकी एक मी. रसपुरी आंबे गाड्यांवर आलेले असतात, गुलमोहरांनी रस्ते लाल केलेले असतात, आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर झोपेला पारखी झालेली मुलं थर्माकोलची घरं सांभाळत बसलेली असतात. ते बघितलं की मला दरवर्षी आधी आनंद होतो आणि मग माझं स्वतःचं शेवटचं वर्ष आठवतं.

यंदा एक पुण्याची मुलगी होती. मारतहळ्ळीला मावशीकडे राहून शिकणारी, हुशार, चटपटीत. तिच्या इमारतीच्या प्रत्येक बाल्कनीतून झाड उगवलेलं. "मॅडम, हा पूर्ण सस्टेनेबल प्रोजेक्ट आहे. आणि इन्क्लुझिव्हपण. सिक्युरिटीवाल्यांच्या मुलांसाठी वेगळी लायब्ररी दिलीये." मी चष्मा पुसला आणि विचारलं, "या जागेवर आत्ता कोण राहतं?"

"आत्ता? आत्ता तर एम्प्टी साइट आहे, मॅडम."

"तू गेली होतीस?"

"सॅटेलाइट इमेज बघितली ना."

बाकीचे परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. मुलांमध्ये माझं नाव 'डाउट मॅडम' आहे, हे मला ठाऊक आहे. असू दे. मी संशयी बाई आहे, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

आमच्या घरात संशय हा धंद्याचा भागच होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिक्कपेटेत शिंपी होते. आमचं घराणं बंगळुरात नेमकं कधी आलं हे कुणालाच धड सांगता येत नाही. कुठल्याशा मराठा फौजेबरोबर आलो, असं आत्या मिरवायची. अण्णांना त्याचाही संशय. "फौजेबरोबर आलो असू, पण तलवार घेऊन नव्हे, सुई घेऊन," असं म्हणायचे. गिऱ्हाइकानं घरून माप लिहून आणलं की ती चिठ्ठी बाजूला ठेवून ते गळ्यातली टेप काढायचे. माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "माणूस स्वतःच्या पोटाचं माप कधी खरं सांगत नाही, पुट्टी." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते इतरांच्या पोटांना लावत मोठी झाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी शेवटच्या वर्षाला होते. तेव्हाचं बंगळूर आत्ताच्या मुलांना सांगितलं तर थाप वाटते. दुपारी पंखा लावायची गरज नसायची. शहर येलहंकाच्या खूप अलीकडे संपायचं, मग नाचणीची शेतं, मग दगडाच्या खाणी, आणि डोक्यावरून अचानक कडाडत जाणारी विमानदलाची विमानं. आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर एकच होता आणि त्याला खोळ होती. बाकी सगळं हातानं. दुधट, आरपार दिसणारा ट्रेसिंगचा कागद, त्यावर शाई नीट बसावी म्हणून चोळलेली टाल्कम पावडर, त्यामुळे अख्ख्या वर्गाला येणारा न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास. आणि प्रिंट काढून आणल्या की त्यांना येणारा अमोनियाचा वास, डोळ्यांतून पाणी काढणारा. आजही कुठे अमोनिया हुंगला की मला वाटतं, सबमिशन उद्यावर आलंय आणि आपल्या पेनाची बारीक निब अडकली आहे.

शेषाद्री सर आम्हाला शिकवायचे. खादीचा झब्बा, मातीनं भरलेल्या चपला. सिमेंट कमी, माती जास्त. परदेशी काच नको, इथला दगड घ्या. पावसाचं पाणी गटारात सोडू नका, असं ते सांगत. या गोष्टी आज जाहिरातीत लिहितात, तेव्हा त्यांवर लोक हसायचे. "पुढच्या शतकातला आर्किटेक्ट श्रीमंताचा शिंपी नसेल," असं ते एकदा म्हणाले. मला ते झोंबलं, कारण माझा बाप गरिबांचा शिंपी होता. पण सरांवर आमचा जीव होता. आम्ही धंदा बदलणार, जास्त न्यायाचा आणि जास्त हिरवा करणार, याबद्दल आम्हाला काडीची शंका नव्हती. अगदी मलाही नव्हती. आता वाटतं, सगळा संशय मी तिथेच वापरायला हवा होता.

त्या वर्षी येलहंकाच्या पुढे, एका सुकलेल्या तळ्याच्या काठी, एका गृहनिर्माण सोसायटीला वसाहत बांधायची होती. त्यांनी सरांना विचारलं, सरांनी आम्हाला. आम्ही जागेची मोजणी करायची, आणि नमुना म्हणून मातीच्या विटांची, झाडं न तोडता बसवलेली वसाहत आखायची. तेच आमचं शेवटच्या वर्षाचं काम. सगळा वर्ग खूश. मी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, सोसायटीला आपलीच आठवण का झाली?" सर हसले. मागून मंगेश म्हणाला, "पद्मे, तुला देवानं प्रसाद दिला तरी तू आत खडा आहे का पाहून राहशील."

मंगेश नागपूरचा. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघांना एकमेकांची मराठी कानाला बोचायची. मी कन्नड वळणानं 'स्वल्प थांब' म्हटलं की तो कपाळावर हात मारायचा. तो 'करून राहिलो' म्हणाला की मी विचारायची, राहिलास कुठे, घरी जा. तो राहायचा त्याच्या मामाकडे, आणि मामा त्याच सोसायटीच्या कमिटीत होता. हे कळल्या दिवसापासून मी त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघायला लागले होते.

जागेच्या एका कोपऱ्यात, खाणीच्या बाजूला, अकरा घरं होती. दगडाच्या उभ्या फरश्यांच्या भिंती, वर पत्रा, दाराशी शेवग्याचं झाड. खाणीत दगड फोडणारी माणसं तिथे बारा-तेरा वर्षं राहत होती. आम्ही टेप, खांब, दोऱ्या घेऊन उतरलो तशी त्यातली एक बाई हातोडा खाली ठेवून आली. हिचं नाव गंगक्का. चाळिशीची असेल, हातांवर दगडाचा पांढरा धुरळा, आणि नजर माझ्यापेक्षाही संशयी.

"यारु कळिसिद्दु?" तिनं विचारलं. कुणी पाठवलं?

मी तिला कन्नडमध्ये समजावलं, की आम्ही विद्यार्थी आहोत, नकाशा करतोय, तुमची घरंसुद्धा त्यात येतील, आणि आमच्या वसाहतीत तुम्हाला जागा ठेवणार आहोत. ते खोटं नव्हतं. सरांनी तशी अटच सोसायटीला घातली होती की आधीपासून राहणाऱ्यांना तिथेच लहान प्लॉट मिळतील. आमच्या आखणीत तळ्याकडच्या बाजूला अकरा घरांची ओळ होती. तिच्याच हातचा दगड भिंतींना वापरायचा, असं आम्ही बाणाची खूण करून लिहिलंही होतं.

गंगक्का ऐकून म्हणाली, "मोजायला माणसं येतात. दोनदा आलीत. मोजून झालं की पत्ता नाही."

"आम्ही तशातले नाही, अक्का," मी म्हणाले.

"तेही हेच म्हणाले होते," ती म्हणाली, आणि आम्हाला पाणी आणून दिलं. तो मार्च होता. दूर कॉलनीतल्या जॅकरँडांचा जांभळा रंग दिसायचा, आणि आम्ही टोप्या घालून उन्हात आकडे ओरडायचो. चार पूर्णांक दोन! सहा पूर्णांक पंचाहत्तर! वहीत प्रत्येक घर उतरलं. मंगेशनं पेन्सिलीनं नकाशा मांडला, मी त्यावर ट्रेसिंग ठेवून शाई फिरवली. वर्गात शाईचं काम माझंच. शिंप्याच्या मुलीचा हात, सर कौतुकानं म्हणायचे.

एकूण आठ मोठे कागद झाले. पहिल्यावर 'जागा आहे तशी', बाकीच्यांवर आमची स्वप्नं. पहिला कागद बघून सर म्हणाले, "व्हेरी क्लीन, पद्मा. फार स्वच्छ." त्यांनी सही केली. खाली तयार करणाऱ्यांत माझं नाव होतं. मंगेश गुंडाळी काखेत मारून अमोनिया प्रिंट काढायला अ‍ॅव्हेन्यू रोडला गेला, आणि तो संच सोसायटीमार्फत सरकारी कचेरीत पोचला.

एप्रिलच्या शेवटी, जूरीला आठ दिवस असताना, कॉलेजच्या फाटकाशी एक बाई 'अळते हुडुगी'ला, म्हणजे मोजणीवाल्या मुलीला, शोधतेय असा निरोप आला. गंगक्का होती. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. दोन बस बदलून आली होती. बसायला तयार नव्हती.

"कचेरीतला माणूस आला होता," ती म्हणाली. "तुमचा कागद घेऊन. प्लॉट कुणाला द्यायचे ती यादी करणार म्हणाला. कागदावर बोट ठेवून म्हणाला, इथं कोणी राहतच नाही." मग थांबून, अगदी शांतपणे म्हणाली, "नावु इल्वंते."

आम्ही नाहीच म्हणे. कन्नडमधला तो 'अंते' फार थंड असतो. मी सांगत नाही, लोक सांगतात, असं सांगणारा. तिनं तो स्वतःबद्दल वापरला.

मी स्टुडिओत गेले ती सरळ मंगेशच्या टेबलाकडे. माझ्या डोक्यात सगळा हिशेब सरळ बसला होता. मामा कमिटीत. अकरा प्लॉट वाचले तर फायदा कुणाचा? आणि मूळ कागद घेऊन एकटा बाहेर कोण गेलं होतं? मी वर्गासमोर, अख्ख्या वर्गासमोर, त्याला विचारलं, "किती वेळ लागला रे तुला घरं उडवायला? मामानं शिकवलं का?"

तो आधी हसला, मला वाटतं गंमत समजून. मग त्याचा चेहरा उतरला. "तू माझ्यावर आळ घेऊन राहिली, पद्मे?"

"मग कोणावर घेऊ?"

"शीट तरी पाह्यलं का तू? की फक्त मला पाह्यलं?" एवढं बोलून त्यानं पेनं डब्यात भरली आणि निघून गेला. पुढचे दोन दिवस आला नाही. वर्गातल्या मुली माझ्याशी सहमत होत्या. कुणाबद्दल असं वाईट ऐकलं की लगेच पटतं, हेही मी तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सरांच्या कपाटातून मी मूळ कागद काढला. मंगेशविरुद्ध पुरावा हवा होता, म्हणून. खिडकीच्या काचेवर कागद धरला. ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, अर्ध्या ब्लेडनं खरवडावी लागते, आणि खरवडलेली जागा उजेडात धरली की कळते. खालच्या उजव्या कोपऱ्यात ती खरवड होती. अकरा चौकोनांची भुतं तिथे बसली होती. आडवी, मग उभी, मग नखानं घासून गुळगुळीत केलेली अशी ती खरवड. वर्गात असं खरवडणारं माणूस एकच होतं. आणि त्या जागेवर उत्तर दिशेचा बाण काढलेला होता, आणि त्याखाली, माझ्या तिरप्या अक्षरांत, कामाचं नाव लिहिलेलं होतं: उद्याची वसाहत.

मग सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कुठे गेलंच नव्हतं. आठही कागदांवर नाव एकाच ठिकाणी, खालच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवं, तशी आमची पद्धत. भिंतीवर ओळीनं लावल्यावर छान दिसतं. पहिल्या कागदावर नेमकी तिथेच ती घरं येत होती. तात्पुरती बांधकामं म्हणून ती ठिपक्यांच्या रेघेनं काढलेली, त्यामुळे तो कोपरा मळल्यासारखा दिसत होता. वहीत आहेतच की, असं मनाशी म्हणून मी अर्ध्या तासात ती काढून टाकली. नंतर चहा प्यायला गेले. त्या दिवशी मी अजून बरंच काही खरवडलं असेल, एखादं चुकलेलं झाड, एखादा जाड झालेला रस्ता. माझ्या लेखी त्यांच्यात फरक नव्हता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात परत वाटली नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले. मंगेशला मी जिन्यात गाठून चुकले म्हटलं. तो म्हणाला, "आळ सगळ्यांसमोर घेतला, आणि माफी कोपऱ्यात मागून राहिली?" म्हणून मग वर्गात, सगळ्यांच्या पुढे उभं राहून मागितली.   मंगेश म्हणाला, "चल, टेप कोणाकडे आहे?"

आधी सरांबरोबर आम्ही वही घेऊन कचेरीत गेलो. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं जुना कागद आणि आमची वही शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "आधी याच नावानं घरं नाहीत म्हणालात, आता याच नावानं आहेत म्हणताय. मी कुठल्या तुमच्यावर विश्वास ठेवू?" आयुष्यभर मी लोकांना विचारला होता तो प्रश्न समोरून आला. शेवटी सरांनी गळ घातली तेव्हा तो म्हणाला, नवीन मोजणी करा, जागेवर करा, प्रत्येक घरवाल्याच्या समोर, आणि त्याच कागदावर त्याचा अंगठा घ्या. आठवड्याच्या आत आणून द्या.

त्याचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे उगीच आशा नको. अकरांपैकी आठ घरांना प्लॉट मिळाले, तळ्याकडे नव्हे, मागच्या बाजूला. तीन घरांना मिळाले नाहीत. ती माणसं गावाकडे लग्नाला गेली होती, आणि अंगठा द्यायला आठवड्यात परत आली नाहीत. पहिलाच नकाशा खरा असता तर त्यांच्या अंगठ्याची गरजच पडली नसती. ती कुठे गेली, मला माहीत नाही. आता तिथे फाटकं असलेली मोठी संकुलं आहेत, नावांत 'ग्रीन' असलेली. मी तिकडून कॅबनं जाते तेव्हा खिडकीबाहेर बघते आणि ड्रायव्हरला वाटतं मॅडम घर शोधतायत. आणि जूरीत एखादं पोरगं न्याय, पर्यावरण असं घडाघडा बोलायला लागलं की मला त्याच्या मनाचा संशय येत नाही, मन चांगलंच असतं. मी त्याच्या कागदाचा खालचा उजवा कोपरा बघते.

पण ती दुसरी मोजणी. मे महिना, टळटळीत दुपार. करंजाच्या सावलीत मी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. मंगेश टेप धरून आकडे सांगणार, मी तिथल्या तिथे शाईनं काढणार. भोवती बायका, म्हातारे, खाणीतून सुट्टी काढून आलेले पुरुष. काम सुरू करण्याआधी मी गंगक्काला सांगितलं. सांगायचं ठरवूनच गेले होते.

"अक्का, तुमची घरं कचेरीवाल्यानं नाही पुसली. मी पुसली. माझ्या हातानं."

तिला राग आला नाही, आधी कळलंच नाही. "पुसली म्हणजे? कशी पुसतात?" मी सांगायचा प्रयत्न केला. ती मान हलवत राहिली. कागदावरचं घर कसं जातं हे तिला पटेना. शेवटी मी डब्यातून ब्लेड काढलं. कागदाच्या कडेला एक छोटा चौकोन काढला, शाई वाळू दिली, खरवडलं, वरून नखानं घासलं. चौकोन गेला. कागद पुन्हा पांढरा झाला.

सगळे वाकून बघत होते.  गंगक्कानं त्या जागेवरून बोट फिरवलं.

"इष्टेना?" ती म्हणाली. एवढंच?

मी मान खाली घातली. तिनं माझ्यापुढे तळहात पसरला. मला आधी कळेना, मग कळलं, आणि मी ब्लेड तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते पदराच्या टोकात गुंडाळलं, गाठ मारली, गाठ कमरेला खोचली आणि माझ्यासमोर, बोर्डाला गुडघे लागतील इतक्या जवळ, मांडी घालून बसली.

"ईग बरी," ती म्हणाली. आता लिही.

मंगेशनं पहिला आकडा ओरडून सांगितला. मी पहिल्या घराची पहिली रेघ ओढली, आणि ती वाळेपर्यंत गंगक्का तिच्यावरून नजर काढेना.